पट घसरतो तेव्हा

राजूर म्हटले की वणी तालुक्यात कोणालाही चुन्याच्या भट्ट्या आणि कोळशाची खाण आठवते. शाळा कोणाला आठवत नाही. पण भट्टीवर राबणाऱ्यांची आणि दुसऱ्याच्या वावरात निंदण करणाऱ्यांची मुले अक्षराला लागली ती बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांमुळेच. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. एके काळी मुले होती तर खोल्या नव्हत्या. आज कित्येक गावांत खोल्या आहेत, पण मुले नाहीत.

असे का व्हावे? पहिले कारण घराघरांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये २.१ होते; २०१९-२१ मध्ये ते १.७ वर आले. कुटुंब लहान झाले ही चांगलीच गोष्ट, पण पहिलीचा वर्गही त्याबरोबर लहान झाला. दुसरे कारण, कामाच्या शोधात शहराकडे जाणारी कुटुंबे. तिसरे कारण इंग्रजीची ओढ. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली आणि त्यांच्या गाड्या खेड्यांच्या चौकापर्यंत येऊ लागल्या. मजुरी करणारा बापही पोटाला चिमटा घेऊन फी भरतो. त्याला दोष कसा द्यावा?

पट घसरला की पुढचे दुष्टचक्र सुरू होते. किती शिक्षक द्यायचे हे पटावर ठरते. यालाच संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि गुरुजी दोनच. त्यांतले एक सभेला किंवा प्रशिक्षणाला गेले की उरलेल्याने पाढे शिकवायचे, माहिती भरायची आणि खिचडीवरही लक्ष ठेवायचे. हे पाहून आणखी दोन पालक मुले काढतात आणि पट पुन्हा घसरतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा विचार पुढे मांडला. अशा शाळा १४ हजारांहून अधिक आणि त्यांत मुले सुमारे १ लाख ८५ हजार; म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले. नंदुरबारमधील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे त्या वेळी दिली गेली. या विचारात तथ्य नाही असे नाही. बारा मुलांत कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत. इयत्तेला एक शिक्षक आणि ग्रंथालय मिळाले तर कोणाला नको?

परंतु प्रश्न वाटेचा आहे. कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ती उगीच नव्हे. पावसाळ्यात नाला भरला, गाडी आली नाही, तर सहा वर्षांच्या पोराने काय करावे? आणि घरात एकालाच लांब पाठवायचे ठरले, तर घरी कोण राहील हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शाळा हाकेच्या अंतरावर होती म्हणून माझे नाव पटावर पडले. ती दोन गावे ओलांडून असती तर माझ्या मायने मला धाकट्या भावाला सांभाळायला ठेवले असते, आणि तिची तरी काय चूक होती?

म्हणून मला वाटते, पहिली-दुसरीची शाळा गावातच राहावी. वरच्या इयत्ता एकत्र करायच्या असतील तर आधी गाडी सुरू व्हावी, मग कुलूप लागावे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीत गावकऱ्यांनी शाळेसाठी जमीन दिली, शाळा सुधारली, आणि जेथे पट मोजका होता तेथे प्रवेशासाठी रांग लागली. सगळीकडे तसे घडेलच असे नाही. पण शाळा बंद करण्यापूर्वी तिच्यात मुले का येत नाहीत, हे गावाला एकदा तरी विचारले पाहिजे. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होणार आहेत. पटावरचा आकडा म्हणजे कोणाचे तरी लेकरू आहे, एवढे आपण विसरू नये.