एका लाईनीच्या अनेक लाईनी

आमच्या बाजारहत्नूरला मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. या चारींत सारख्याच हक्कानं वावरणारा इंग्रजी शब्द म्हणजे लाईन.

‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. जानेवारी २०१८पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे. तरी वादळात तार तुटली की लाईनमनचीच वाट पाहावी लागते. कापूस विकायला आदिलाबादला गेलं की गाड्यांची लाईन. तिथून मुदखेडला जाते ती रेल्वेची लाईन. पोरगा कमावता झाला की म्हातारी समाधानानं सांगते, ‘लाईनीला लागला बाबा.’ तोच बसस्टँडवर लाईन मारताना दिसला, तर त्याला लाईनीवर आणणारीही तीच.

मला सगळ्यात आवडतं ते या शब्दाचं मूळ. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस; तेच, ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो. जवसाच्या खोडातून धागा निघतो. त्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि तो धागा ताणून धरला की जी सरळ रेघ मिळते ती लाईन. आपला गवंडी आजही लाईनदोरी बांधूनच विटा रचतो. किती जुनी गोष्ट त्याच्या हातात शाबूत आहे!

शेतातल्या कपाशीच्या ओळीला मात्र आम्ही अजून ‘तास’ म्हणतो. हा शब्द पोरांच्या तोंडी टिकावा, असं मला मनापासून वाटतं.