पेव: सावलीतल्या ओल्या कोपऱ्याचे झाड

बहुतेक शाळांच्या आवारात एक नकोसा कोपरा असतो. इमारतीच्या उत्तरेला, पाण्याच्या टाकीमागे किंवा एखाद्या जुन्या आंब्याच्या बुंध्याशी. तिथे ऊन फारसे येत नाही, नळाचे सांडलेले पाणी मुरत राहते, दगडांवर शेवाळ धरते. कोणीतरी हौसेने गुलाब, झेंडू लावून पाहतो. ती झाडे उंच, फिकट आणि लेचीपेची होतात, फुले धरत नाहीत आणि मग त्या कोपऱ्यात मोडकी बाके जमा होतात. दोष कोपऱ्याचा नसतो, निवडीचा असतो. अशाच जागी, म्हणजे झाडांच्या सावलीत, ओढ्याच्या काठाने आणि पावसाळी ओलाव्यात पिढ्यान् पिढ्या वाढत आलेल्या वनस्पती आपल्या सह्याद्रीत पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक सोपी, देखणी आणि वर्गात शिकवायला फार उपयोगी वनस्पती म्हणजे पेव.

पेव म्हटल्यावर काहींना धान्य साठवायचे जमिनीतले पेव आठवेल. हे पेव वेगळे. मात्र आपला साठा तेही जमिनीखालीच ठेवते. हिंदीत त्याला केऊ म्हणतात. कोकणात आणि घाटात जुलै ते सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेच्या चरातून, जंगलाच्या कडेने माणसाच्या उंचीची, काहीशी तिरपी, पिळदार खोडे दिसतात. खोडाच्या टोकाला लालभडक कणसासारखा गुच्छ असतो आणि त्यातून दररोज एखाददुसरे पांढरे, चुरगळलेल्या तलम कागदासारखे फूल बाहेर येते. हेच पेव. खोडाची उंची एक मीटरपासून अडीच मीटरपर्यंत भरते. पाने लांबट असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूला रेशमासारखी मऊ लव असते. बोट फिरवून पाहिले की एकदाच पुरते, ओळख पटते.

पान, खोड आणि जमिनीखालचे मूलक्षोड (जमिनीत आडवे वाढणारे खोड) पाहून पेव आले-हळदीच्या जवळचे वाटते. पूर्वी त्याला त्यांच्याच कुलात ठेवत असत. आता आल्याचे कुल झिंजिबरेसी आणि पेवाचे कॉस्टेसी अशी दोन कुले मानतात. हा भेद पुस्तकाशिवाय दाखवता येतो. हळदीचे, आल्याचे आणि पेवाचे एकेक पान विद्यार्थ्यांना चुरगळून हुंगायला द्या. पहिल्या दोघांना वास येतो, कारण त्यांच्यात बाष्पनशील तेले असतात. पेवाला तो सुगंध नाही. त्यानंतर पानाचा देठाकडचा भाग खोडाला कसा वेढतो ते पाहायला सांगा. आले-हळदीत हे आवरण एका बाजूने उघडे असते, पेवात ते नळीसारखे बंद असते.

खरी गंमत पानांच्या मांडणीत आहे. आल्याची पाने खोडाच्या दोन बाजूंना समोरासमोर आलटून पालटून येतात. एका पानापासून पुढच्या पानापर्यंतचा कोन १८० अंश. इतर अनेक वनस्पतींत हा कोन १३७.५ अंशांच्या आसपास असतो, आणि सूर्यफुलाच्या निमित्ताने त्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. पेव या दोन्हींत बसत नाही. त्याची पाने एकाच मळसूत्रावर, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एकामागोमाग एक चढत जातात आणि दोन पानांमधला कोन साधारण ३० ते ५० अंशांइतका लहान असतो. वनस्पतिशास्त्रज्ञांना या कुलाने बरीच वर्षे विचारात पाडले आहे, कारण खोडाच्या अग्रावर नवे पान जुन्या पानापासून शक्य तितके दूर उगवते हा नेहमीचा नियम इथे सरळ लागू होत नाही.

हे मोजायला फक्त दोरा लागतो. खालच्या एका पानाच्या देठाशी दोऱ्याची गाठ मारा आणि क्रमाने वरच्या प्रत्येक पानाच्या देठाशी टेकवत दोरा वर न्या. पहिल्या पानाच्या बरोबर वर येईपर्यंत किती पाने लागली ते मोजा आणि ३६० ला त्या संख्येने भागा. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला हे सहज जमते. उत्तर खोडागणिक बदलते, एकाच खोडावर खाली आणि वरही बदलते, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांची उत्तरे फळ्यावर मांडून सरासरी काढावी. आणखी एक प्रश्न मुलांवर सोडून द्यावा: जिना उजवीकडे चढतो की डावीकडे? आणि आईच्या खोडाला फुटलेला नवा कोंब आईच्याच दिशेने वळतो की उलट?

फूलही असेच फसवे आहे. जे मोठे, पांढरे, मधोमध पिवळसर छटा असलेले अंग आपण पाकळी म्हणून दाखवतो, ती पाकळी नव्हेच. खऱ्या पाकळ्या तीन. त्या लहान असतात आणि मागे दडतात. समोर दिसतो तो ओष्ठ. तो पाच वंध्य पुंकेसर एकमेकांना जुळून बनलेला आहे. परागकण तयार करणारा पुंकेसर एकच उरतो आणि तोही पाकळीसारखा रुंद होऊन ओष्ठाच्या तोंडावर छतासारखा वाकतो. स्त्रीकेसराची बारीक दांडी या पुंकेसराच्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून वर येते. मधासाठी आत शिरणाऱ्या मोठ्या मधमाशीची किंवा काळ्या भुंग्याची पाठ नेमकी या जागी घासते. जास्वंदीच्या फुलाचे भाग शिकवून झाल्यावर पेवाचे फूल हातात द्यावे आणि ‘पाकळ्या किती?’ एवढेच विचारावे. फूल दिवसभरच टिकते, म्हणून तास सकाळचा घ्यावा. लाल कणीस मात्र आठवडेच्या आठवडे टिकते, कारण लाल रंग फुलाचा नसून छदांचा आहे. छद म्हणजे ज्या पानासारख्या अंगाच्या बगलेतून फूल येते ते अंग. पुढे छदांच्या आत लाल बोंडे धरतात आणि ती उकलल्यावर काळ्याभोर बिया दिसतात. त्यांच्यावर पांढरे मांसल अध्यावरण असते.

आता लागवडीकडे वळू. सावली म्हणजे अंधार नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रत्येक पान प्रकाशसंश्लेषणाने अन्न बनवते आणि श्वसनाने ते खर्चही करते. प्रकाश कमी करत नेला तर एका पातळीला जमा आणि खर्च सारखे होतात. सावलीच्या वनस्पतींत ही पातळी खाली असते. त्यांची पाने रुंद आणि पातळ असतात, त्यांचे भागते. पण त्या पातळीच्याही खाली त्यांना ठेवले तर मूलक्षोडातला साठा संपत जातो. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. दाट सदाहरित जंगलाच्या तळाशी त्यातला एक-दोन टक्के पोचतो. पेव त्या गडद तळाशी फारसे नसते. ते कडेला, ओढ्याकाठी, झाड पडून मोकळ्या झालेल्या जागेत असते. म्हणून शाळेत त्याला सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि मग सावली अशी जागा द्यावी. पाणी भरपूर असेल तर ते जास्त ऊनही सोसते, पण जमीन कोरडी पडली की पानांच्या कडा करपतात.

आजकाल मोबाइल फोनवर प्रकाश मोजता येतो. मुलांना घेऊन आवारातल्या पाच-सहा सावल्या जरूर मोजाव्यात. मात्र हे मापक आपल्या डोळ्यांच्या हिशोबाने मोजते आणि आपल्या डोळ्यांना हिरवा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो. झाडाखाली येणारा प्रकाश वरच्या पानांनी आधीच गाळलेला असतो. तांबडा आणि निळा भाग त्यांनी बराचसा घेतलेला असतो, हिरवा खाली सोडलेला असतो. भिंतीच्या सावलीत तसे होत नाही. तिथे मोकळ्या आकाशाचा प्रकाश मिळतो. त्यामुळे दोन्हीकडे आकडा सारखा आला तरी वनस्पतीच्या दृष्टीने भिंतीची सावली बहुधा अधिक उदार असते. उत्तरेच्या भिंतीची आणखी एक मौज आहे. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तरेला, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. वर्षभर सावलीतली ती भिंत नेमकी पेवाच्या वाढीच्या काळात थोडे ऊन खाते.

मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, मूलक्षोडाचा एक-दोन डोळे असलेला तुकडा चार-पाच सेंटिमीटर खोल आडवा लावावा. माती पाणी धरणारी, पण निचऱ्याची हवी. साधी माती, चाळलेली वाळू आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत समान भाग घेतले तरी पुरते. दोन झाडांत पाऊण मीटर अंतर ठेवावे, कारण दोन-तीन वर्षांत एका तुकड्याचे बेट होते. वर पालापाचोळ्याचा थर द्यावा आणि तो झाडून नेऊ नये. हे शाळेतल्या सेवकांना समजावणे लागवडीपेक्षा कठीण जाते, असा माझा अनुभव आहे.

माझी स्वतःची पहिली लागवड वाया गेली. ‘ओलावा आवडणारे झाड’ हे मी इतके मनावर घेतले की दिवाळीनंतर खोडे पिवळी पडू लागली तेव्हा पाणी वाढवले. खोडे वाळलीच. तरी मी हिवाळाभर आणि उन्हाळ्यात रोज पाणी घालत राहिलो. एप्रिलमध्ये उकरून पाहिले तर मूलक्षोड काळे पडून लिबलिबीत झाले होते. चूक साधी होती. पेव मोसमी पावसाच्या प्रदेशातले आहे. पाऊस संपल्यावर ते जमिनीवरचा पसारा आवरते आणि साठा घेऊन स्वस्थ बसते. त्या काळात पाने नसतात, म्हणून बाष्पोच्छ्वास नसतो आणि घातलेले पाणी शोषले जात नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा उरत नाही, मूलक्षोडाला श्वसनाला ऑक्सिजन मिळत नाही आणि कुजवणाऱ्या बुरशीचे फावते. डिसेंबरनंतर पाणी जवळजवळ बंद करावे. उन्हाळ्यात माती अगदीच भुकटी होऊ लागली तर पंधरवड्यातून एकदा शिंपडावे. नळाच्या सांडपाण्याच्या कोपऱ्यात लावायचे असेल तर वाफा वीतभर उंच करून घ्यावा.

रोप आणायचे कुठून? जंगलातून खणून आणू नये. पेवाच्या मूलक्षोडात डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानटी कंदांतल्या याच द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवून दाखवले. त्यानंतर डायोस्जेनिन देणाऱ्या वनस्पतींचा जगभर शोध सुरू झाला आणि त्यात आपले पेवही तपासले गेले. ज्याचा साठा जमिनीखाली, त्याची खणणी म्हणजे समूळ उच्छेद. शिवाय त्याची गरजही नाही. ओळखीच्या कोणाच्या परसात पेव असेल तर पावसाळ्यात त्याचे एक खोड मागून घ्यावे, दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओल्या वाळूवर आडवे ठेवावेत. पेरांवरच्या कळ्यांतून रोपे फुटतात. मूळ बेटाला धक्का लागत नाही आणि शाकीय पुनरुत्पादनाचा धडा प्रत्यक्ष होतो.

रोपवाटिकेतून घेत असाल तर नावावर विसंबू नका. लाल छद, पांढरे फूल आणि पानाखालची लव पाहून घ्या. नावांचा घोळ या वनस्पतीइतका क्वचितच कोणाचा झाला असेल. सतराव्या शतकातल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात ती मल्याळी नावाने आहे. पुढे तमिळनाडूतील तरंगमबाडीला राहिलेल्या योहान क्योनिग याने १७८३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. नंतर दोन शतके ती कॉस्टस स्पेसिओसस होती. २००६ मध्ये जनुकीय अभ्यासावरून आशियातल्या या जाती अमेरिका-आफ्रिकेतल्या कॉस्टसपासून वेगळ्या काढल्या गेल्या आणि २०१३ पासून तिचे नाव हेलेनिया स्पेसिओसा असे आहे. कॉस्टस हे नाव मुळात हिमालयातल्या कुष्ठ किंवा कोष्ठ या सुगंधी मुळाचे. ती सूर्यफुलाच्या कुलातली, पेवाशी काहीही नाते नसलेली वनस्पती. तरीही अनेक औषधी बागांत पेवासमोर ‘कोष्ठ’ अशी पाटी दिसते.

याहून काळजीची पाटी मी एका शाळेत पाहिली. पेवाच्या वाफ्यात ‘इन्सुलिन वनस्पती’ असे लिहिले होते आणि परिसरातले दोन-तीन गृहस्थ सकाळी फिरायला येताना पाने तोडून चघळत. एकाने तर गोळ्या कमी केल्याचे मुख्याध्यापकांना अभिमानाने सांगितले होते. बाजारात त्या नावाने मिळते ती ब्राझीलमधली, नारिंगी फुलांची, बुटकी वेगळीच जात आहे. आणि तिची पानेही डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. नावात इन्सुलिन आहे, पानात नाही. मुख्याध्यापकांना मी पाटी त्याच दिवशी बदलायला सांगितले. पाटीवर ‘पेव’, शास्त्रीय नाव, कुल आणि ‘खाण्यासाठी नाही’ एवढे पुरे.

सावलीसाठी शाळांत सर्रास लावतात त्या ठिपक्याठिपक्यांच्या डिफेनबॅकियाबद्दलही एक शब्द. ते अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले आहे आणि त्याच्या पानाखोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने चावले तर तोंड आणि जीभ सुजते. बालवाडीच्या आवारातून ते हलवलेले बरे, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पेव लावता येईल.

पहिल्या वर्षी फूल येईलच असे नाही. लहान तुकडा आधी साठा करतो, दुसऱ्या पावसाळ्यात कणीस धरतो. नोव्हेंबरात खोडे वाळली की ती जमिनीलगत कापून तिथेच अंथरावीत आणि वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून ठेवाव्यात. नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीत ती जागा रिकामी समजून कोणीतरी तिथे पुन्हा बाके आणून टाकतो.