विटलेला गुलाबी, पक्के पट्टे

युव्हेंटस या इटालियन फुटबॉल क्लबचे काळे-पांढरे पट्टे पाहून वाटतं, कुणीतरी बराच विचार करून ते निवडले असावेत. प्रत्यक्षात ते आले धुलाईच्या कटकटीतून.

१८९७ मध्ये तुरिनमधल्या एका शाळेच्या पोरांनी हा क्लब काढला. सुरुवातीचा पोशाख होता गुलाबी शर्ट आणि त्यावर चक्क काळा टाय! शर्ट एका खेळाडूच्या वडिलांनी करून दिलेले. पण दर धुण्यागणिक रंग विटत गेला आणि १९०३ पर्यंत शर्टांची पार रया गेली. संघात जॉन सॅव्हेज नावाचा इंग्रज होता. पक्क्या रंगाचे शर्ट तुझ्या देशातून मिळतील का, असं त्याला विचारण्यात आलं. त्याचा नॉटिंगहॅमचा मित्र नॉट्स काउंटी क्लबचा पाठीराखा. त्यानं आपल्याच क्लबच्या पट्टेरी जर्सी पाठवून दिल्या.

दोनच वर्षांत, १९०५ मध्ये, संघ पहिल्यांदा इटलीचा विजेता ठरला. १९५८ मध्ये दहावं विजेतेपद आलं आणि छातीवर सोनेरी तारा चढला. पुढे सामनानिश्चितीच्या घोटाळ्यापायी क्लबची २००६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली. तिथेही बुफॉन आणि देल पिएरोसारखे नावाजलेले खेळाडू हीच जर्सी घालून उतरले. उसन्या कापडाला वलय चढलं ते असं, अंगावर घालून भोगलेल्या दिवसांमुळे. क्लबनं उपकाराची जाणही ठेवली. २०११ मध्ये नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाचा सामना खेळायला नॉट्स काउंटीलाच बोलावलं. तो १-१ असा बरोबरीत सुटला.

मग २०१९-२० च्या मोसमात जर्सी बनवणाऱ्या आदिदास कंपनीनं पट्टेच काढून टाकले. अर्धी जर्सी काळी, अर्धी पांढरी, मधोमध गुलाबी रेघ. ही रेघ म्हणजे पहिल्या शर्टांची आठवण. इतिहासाला धरून असूनही बऱ्याच चाहत्यांच्या गळी ती जर्सी उतरली नाही. त्याच मोसमात संघानं सलग नववं विजेतेपद पटकावलं, तरी पुढच्या वर्षी पट्टे परत आले.

गंमत म्हणजे गुलाबी रंगाचं कुणाला वावडं नाही. २०१५-१६ ची परक्या मैदानावरची जर्सी गुलाबीच होती आणि ती चाहत्यांनी मिरवली. परगावी जाताना कंपनीनं काय हौस करायची ती करावी. घरच्या जर्सीला हात लावायचा तर मात्र चाहत्यांना विचारावं लागतं.