टाचेपर्यंत पोचताना

विणकाम मी फार उशिरा शिकले. माहेरी क्रोशाची तोरणे होती, भरतकामाचे रुमाल होते, रुखवतात मांडण्यासारखे सगळे होते. पण लोकरीच्या सुया कुणाच्या हातात कधी दिसल्या नाहीत. आमचे गाव कोकणातले, तिथे स्वेटर हवा होता कुणाला! लग्न होऊन नाशकात आले आणि पहिल्याच जानेवारीत थंडी म्हणजे काय ते कळले. जवळच्या निफाडचा पारा तर हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येतो.

सासूबाई मात्र विणकामात तयार. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. शाळेतल्या मुलींनी जवानांसाठी मफलर विणले, त्यात त्यांचेही तीन होते. आता त्या अठ्ठ्याहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत आणि संधिवाताने बोटे वाकली आहेत. माझी सकाळची शाळा सुटली, जेवणे आवरली, की मुलगी घरी येईपर्यंतचा दीड तास माझा असतो. चार वर्षांपूर्वी त्या दीड तासात मी त्यांच्यापुढे सुया घेऊन बसले.

पहिला मफलर. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशी हातभर पट्टी विणली. समोरून काय सुरेख दिसत होती! पण सुईवरून उतरवताच दोन्ही कडा आत वळल्या. सासूबाई म्हणाल्या, "सुरळीची वडी छान झाली हो!" सुलट बाजूची आणि उलट बाजूची ओढ सारखी नसते, म्हणून अशी वीण वळते. कडेचे पाच-पाच टाके दोन्ही ओळींत सुलटच विणावेत, नाहीतर सबंध मफलर दोन सुलट, दोन उलट असा घालावा. मग तो सपाट राहतो. हे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

मग ह्यांच्यासाठी टोपी. पुस्तकात लिहिले होते, चार इंचात बावीस टाके बसावेत. वीस इंच घेर हवा, म्हणून एकशेदहा टाके घातले. माझा हात सैल, चार इंचात वीसच टाके बसत होते, हे मी मोजलेच नव्हते. टोपी बावीस इंची झाली आणि ह्यांच्या भुवया झाकून नाकावर आली. चार इंची चौकोन आधी विणून, पट्टीने मोजून बघायला एक दुपार जाते. तो कंटाळा केला म्हणून माझ्या सहा दुपारी गेल्या. आता हात सैल असला तर सुई एक नंबर बारीक घेते. उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच विणू नका, मैत्रिणींनो. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, दोन-तीन ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून, न पिळता सावलीत टांगा. शुद्ध लोकर छान सरळ होते. गरम पाण्यात चोळलीत तर मात्र तिचा नमदा होईल!

तिसऱ्या वर्षी बिनबोटांचे हातमोजे जमले. सकाळी सातला फळ्यावर लिहिताना खडू बोटांत राहतो आणि तळवे गरम. अंगठ्याशी टाके वाढवत न्यायचे आणि ते एका दोऱ्यावर वेगळे काढून ठेवायचे, एवढीच त्यातली मेख. ते बघून शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या सुनेला एक जोड करून द्या ना. लोकरीचे पैसे देईन हो. तुम्हाला तरी दुपारी काय काम असतं?" मी दिले करून. अकरा दुपारी लागल्या, म्हणजे सोळा तासांच्या वर. मेहनतीचा हिशेब लोकरीच्या वजनावर करायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे. पुढच्या वेळी मी म्हटले, "सूनबाईंनाच पाठवा, शिकवते." ती आता शनिवारी येते, आणि तिचा हात माझ्याहून सारखा आहे.

मोजे मात्र मी टाळत होते. टाचेची धास्ती! ह्या हिवाळ्यात सासूबाई आपणहून म्हणाल्या, "टाच शिकून घे. हाताला आठवतंय अजून, तोंडाने सांगता येईल की नाही कोण जाणे." आणि खरेच त्यांना सांगता येईना. सुया हातात घेत, दोन-तीन टाके विणत, बोटे दुखली की खाली ठेवत. "असं, आणि मग असं." मी मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून घेत होते. तीन दुपारी गेल्या तेव्हा कागदावर आले ते असे: मोजा साठ टाक्यांचा असेल तर टाच निम्म्यांवर, तिसांवर. दर ओळीचा पहिला टाका न विणता उचलून तीस ओळी विणायच्या. मग मध्यावरून पुढे जाऊन, दोन टाके एकत्र विणून ओळ अर्धवटच सोडायची आणि मागे फिरायचे, पलीकडेही तसेच. दर फेरीला थोडे पुढे जात राहिले की तिसांचे अठरा होतात आणि सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. मग दोन्ही कडांचे पंधरा-पंधरा टाके उचलायचे आणि हळूहळू कमी करत पुन्हा साठांवर यायचे. मोज्यासाठी नायलॉन मिसळलेली लोकर घ्यावी, टाच लवकर विरत नाही.

माझी टाच चौथ्यांदा वळली. मोजा पुरा झाल्यावर सासूबाई तो एकच पायात घालून दुपारभर पलंगावर बसल्या होत्या. टाचेच्या कोपऱ्यात एक भोक राहिले होते. त्यात करंगळी घालून मला दाखवत म्हणाल्या, "दुसऱ्याला इथे एक टाका जास्त उचल, आणि पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर एकत्र विण. हेही लिहून ठेव."