रायफलवरील दुर्बिणीचे ‘ट्रॅकिंग’ : दोषनिदानाची शास्त्रीय पद्धती

प्रस्तावना :

ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे झालेल्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी १० मीटर एअर रायफल प्रकारात इटलीच्या दानिलो सोलाझ्झो यांना १७-१३ असे नमवून सुवर्णपदक पटकावले. या प्रकारात जगज्जेतेपद मिळविणारे ते अभिनव बिंद्रा (२००६) यांच्यानंतरचे दुसरे भारतीय होत. या यशामुळे ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यांचे नेमबाजीकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. तथापि गोळी लक्ष्यापासून भरकटली की दोष हाताचा की साधनाचा, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्यासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर चुकले तर गुणी विद्यार्थी निवडीतून वगळला जातो, अथवा निर्दोष दुर्बीण टाकून देऊन पालकांवर नव्या खर्चाचा भार पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एका अंगाचा, म्हणजे दुर्बिणीच्या ‘ट्रॅकिंग’मधील दोषाचा, विचार केला आहे.

ट्रॅकिंग म्हणजे काय?

रायफलवरील दुर्बिणीला दोन फिरत्या गुंड्या असतात. एक नेमबिंदू वर-खाली सरकविते, तर दुसरी डावी-उजवीकडे. गुंडी फिरविताना येणारा प्रत्येक ‘क्लिक’ म्हणजे ठरावीक कोनातील बदल होय. सामान्यतः हा बदल पाव मिनिट (एका अंशाचा २४० वा भाग) किंवा ०.१ मिलिरेडियन इतका असतो. १०० मीटर अंतरावर पाव मिनिट म्हणजे सुमारे ७.३ मिलिमीटर, तर ०.१ मिलिरेडियन म्हणजे १० मिलिमीटर. जितके क्लिक द्यावेत तितकाच नेमबिंदू सरकावा आणि तितकेच क्लिक उलट दिल्यावर तो मूळ जागी परतावा, या गुणधर्मास ट्रॅकिंग असे म्हणतात.

दुर्बिणीच्या नळीत भिंगे बसविलेली दुसरी लहान नळी असते. गुंडीचा स्क्रू तिला एका बाजूने ढकलतो आणि समोरची स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. स्प्रिंग क्षीण झाली, आटे झिजले अथवा बाहेरील कडी अति आवळल्याने नळी चेपली गेली, तर क्लिक ऐकू येतो परंतु नळी हलत नाही किंवा उशिरा हलते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत चल सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘बॅकलॅश’ दोष परिचित असतो. स्क्रूची दिशा बदलली की पहिला काही फेरा वाया जातो. येथील दोष त्याच जातीचा आहे.

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण वापरता येत नाही. तेथे बारीक छिद्राचे नेमसाधन असते. परंतु त्यालाही अशाच क्लिक देणाऱ्या गुंड्या असल्याने निदानाचे तर्कशास्त्र दोन्हीकडे सारखेच राहते.

प्राथमिक तपासणी :

दुर्बिणीवर ठपका ठेवण्यापूर्वी पुढील बाबी क्रमाने पाहणे आवश्यक ठरते. रायफल रिकामी असल्याची खात्री सर्वप्रथम करावी. त्यानंतर दुर्बीण धरणाऱ्या कड्या, त्यांखालील बैठक आणि लाकडी दस्त्यात रायफल बसविणारे स्क्रू घट्ट आहेत काय ते तपासावे. सैल बैठक हे सदोष दुर्बिणीचे हुबेहूब सोंग आणते. डोळा किंचित हलविल्यावर क्रॉसवायर लक्ष्यावरून सरकताना दिसल्यास तो पॅरॅलॅक्स होय, ट्रॅकिंगचा दोष नव्हे. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलचा धक्का मागे व पुढे अशा दोन्ही दिशांना बसत असल्याने तीवर त्यासाठी बनविलेलीच दुर्बीण असावी.

अंतराचे मोजमापही टेपनेच व्हावयास हवे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. पाव मिनिटाच्या २० क्लिकांनी १०० मीटरवर नेमबिंदू सुमारे १४५ मिलिमीटर सरकतो, तर १०० यार्डांवर सुमारे १३३ मिलिमीटर. एककांच्या या गोंधळामुळे निर्दोष दुर्बिणीतही ८ टक्क्यांहून अधिक त्रुटी भासते.

दोन चाचण्या :

पहिली चाचणी गोळी न झाडता करता येते. दुर्बीण बेंच व्हाइसमध्ये पक्की धरून मोजलेल्या अंतरावर ओळंब्याच्या साहाय्याने उभी मोजपट्टी लावावी. १०० मीटरवर ०.१ मिलिरेडियनचे १०० क्लिक दिल्यास क्रॉसवायर १००० मिलिमीटर सरकली पाहिजे. ती ९७० मिलिमीटरच सरकल्यास क्लिकचे खरे मूल्य ३ टक्के कमी आहे. ही त्रुटी प्रत्येक वेळी तेवढीच येत असेल, तर दुर्बीण टाकाऊ ठरत नाही. गणितात दुरुस्ती करून ती वापरता येते.

दुसरी ‘चौकोन चाचणी’ अधिकृत रेंजवर, टेकू घेऊन करावी. नेम एकाच बिंदूवर ठेवून ५ गोळ्या झाडाव्यात. नंतर २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे व २० खाली असे करीत प्रत्येक टप्प्यावर ५ गोळ्या झाडाव्यात. शेवटचा गट पहिल्यावर पडला आणि चौकोनाच्या बाजू समान आल्या, तर ट्रॅकिंग निर्दोष आहे.

गोळ्या ५ का? समजा, एका गोळीचे प्रमाण विचलन १० मिलिमीटर आहे. ते ७.३ मिलिमीटरच्या एका क्लिकपेक्षा मोठे असल्याने एका गोळीवरून एका क्लिकचा निवाडा करता येत नाही. ५ गोळ्यांच्या मध्यबिंदूची अनिश्चितता मात्र सुमारे ४.५ मिलिमीटरवर येते.

निष्पत्तींचा अर्थ :

१) सर्व बाजू समप्रमाणात लहान वा मोठ्या : क्लिकचे मूल्य किंवा मोजलेले अंतर चुकीचे.

२) वर जाताना गट एका बाजूस कलतो : दुर्बीण तिरकी बसली आहे. ३ अंशांचा कल असताना ३० मिनिटे वर दिल्यास १०० मीटरवर गट सुमारे ४६ मिलिमीटर बाजूला जातो.

३) क्लिकनंतरची पहिली गोळी जुन्या जागी, पुढच्या नव्या जागी : अंतर्गत घर्षण अथवा क्षीण स्प्रिंग. धक्क्यानंतरच नळी जागेवर बसते.

४) चौकोन मिटत नाही : सैल बैठक किंवा अंतर्गत बिघाड. निदान पक्के करण्यासाठी त्याच रायफलवर खात्रीची दुसरी दुर्बीण लावून चाचणी पुन्हा करावी.

५) गुंडीला हात न लावताही गट विस्कळीत : दोष ट्रॅकिंगचा नाही. काडतुसे, नळी, दस्ता किंवा नेमबाजाचे तंत्र तपासावे.

शैक्षणिक महत्त्व :

अभिनव बिंद्रा यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविल्याप्रमाणे, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात त्यांची पहिलीच गोळी चार गुणांच्या आसपास गेली. आपल्या हातून इतकी मोठी चूक होणार नाही, हे ठाऊक असल्याने त्यांनी नेमसाधनात दुरुस्ती केली. अंतिम फेरीतील पहिली गोळी १०.७ गुणांची ठरली आणि ७००.५ गुणांसह सुवर्णपदक मिळाले. स्वतःच्या यादृच्छिक त्रुटीचे प्रमाण ठाऊक असलेली व्यक्तीच साधनाची पद्धतशीर त्रुटी ओळखू शकते, हे यातून दिसून येते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्रांना ‘ग्रुपिंग’ व ‘झिरोइंग’ यांचा परिचय असतो, तर विज्ञानाचे विद्यार्थी प्रमाण विचलन शिकतात. महाविद्यालयात हे दोन गट क्वचितच एकत्र येतात. चौकोन चाचणीची लक्ष्यपत्रे प्रयोगशाळेत मोजावयास दिल्यास त्रुटींचा सिद्धांत विद्यार्थ्यांच्या अनुभवाचा भाग होईल.

निष्कर्ष :

ट्रॅकिंगच्या दोषाचे निदान एका वेळी एकच घटक बदलण्याच्या शिस्तीवर अवलंबून असते. आधी बैठक, मग अंतर, त्यानंतर दुर्बीण हा क्रम पाळल्यास खर्च व वेळ वाचतो. निवड समितीने व प्रशिक्षकांनी साधनाची चौकोन चाचणी झाल्याखेरीज विद्यार्थ्याच्या कौशल्याविषयी प्रतिकूल मत नोंदवू नये, तसेच चाचणीत साधन निर्दोष ठरल्यास विद्यार्थ्यानेही तंत्रातील उणीव मान्य करून सराव करावा, हे उभयपक्षी न्याय्य ठरते.