डोळ्याच्या आतला रक्तस्राव : दिसू लागले म्हणजे बरे झाले का?

आमच्या वस्तीतील एका ताईंच्या डाव्या डोळ्यासमोर सकाळी भांडी घासताना काळे धागे तरंगू लागले. दुपारपर्यंत लालसर धुके पसरले. डोळा दुखत नव्हता, बाहेरून लालही दिसत नव्हता. घरच्यांना वाटले, मोतीबिंदू असेल. चार दिवस गुलाबपाणी घातल्यावर त्या आमच्याकडे आल्या. वय ५२, मधुमेहाला ११ वर्षे झालेली, आणि डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नाही.

डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्यात रक्त उतरले की प्रकाश पडद्यापर्यंत नीट पोहोचत नाही. (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दिसणारा लाल डाग वेगळा, तो बहुधा आपोआप जातो.) मधुमेहात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. मग तिथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या सहज तुटतात. मार लागणे किंवा पडदा फाटणे हीसुद्धा कारणे असतात, म्हणून अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तामुळे आतले दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा सुटला आहे का ते पाहतात. पडदा सुटला असेल तर थांबून चालत नाही.

पडदा जागेवर असेल तर बऱ्याचदा काही आठवडे वाट पाहतात. ही वाट पाहणेच लोकांना जड जाते. ‘औषध दिलेच नाही’ असे म्हणून ते दुसरा दवाखाना शोधतात. पण त्या जेलीत रक्त साफ करण्याचे काम शरीर फार सावकाश करते. दुकानातून आणलेले थेंब तिथवर पोहोचत नाहीत, चष्मा बदलूनही उपयोग नसतो. ताईंना दोन उशा घेऊन, डोके उंच ठेवून झोपायला सांगितले होते. त्यामुळे रक्त खाली बसते आणि मधली नजर लवकर मोकळी होते. वजन उचलायचे नाही, फार वाकायचे नाही. पाण्याच्या कळश्या वाहणाऱ्या बाईने हे पाळायचे कसे? शेवटी शेजारच्या मुलांनी पाळी लावली. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर त्या मनाने बंद करू नयेत; ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सहाव्या आठवड्यात ताईंना भिंतीवरचे कॅलेंडर वाचता आले. त्यांनी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. चूक तिथेच झाली. रक्त ओसरले होते, पण ते सांडणाऱ्या वाहिन्या तशाच होत्या. त्यांच्यासाठी लेझरची तारीख दिलेली होती. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसते, म्हणजे सोबत माणूस हवा आणि दोघांचीही मजुरी बुडते. ताई गेल्या नाहीत, आणि आम्हीही पाठपुरावा केला नाही. चार महिन्यांनी त्याच डोळ्यात पुन्हा रक्त उतरले. या वेळी ते ओसरलेच नाही.

अशा वेळी व्हिट्रेक्टॉमी करतात, म्हणजे रक्ताळलेली जेली बारीक उपकरणांनी काढून टाकतात. काही रुग्णांच्या डोळ्यात नंतर वायू भरतात. तसे असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस मान खाली घालून राहावे लागते, आणि वायू विरेपर्यंत विमानप्रवास करायचा नसतो. घाट चढून गावी जायचे असले तरी आधी विचारावे. उंचीवर वायू फुगून डोळ्यातला दाब वाढू शकतो. नजर किती परत येईल हे पडदा किती शाबूत आहे यावर ठरते. ताईंना आता डाव्या डोळ्याने माणसे ओळखू येतात, सुईत दोरा मात्र ओवता येत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

शिबिरात आपण बोटातून रक्त घेऊन साखर मोजतो आणि आकडा लिहून देतो. त्याच कागदावर ‘पडद्याची तपासणी कधी झाली?’ हा रकाना आम्ही आता घातला आहे. मधुमेह टाईप २ असेल तर निदान होताच, आणि नंतर साधारण दरवर्षी ही तपासणी लागते, नजर चांगली असली तरीही. ताईंच्या उजव्या डोळ्यातही कच्च्या वाहिन्या सापडल्या. त्या डोळ्याने त्यांना अगदी स्वच्छ दिसत होते. त्याच्या लेझरच्या दिवशी मात्र आमच्यापैकी एकजण सोबत गेला.