पानांचा कलह व त्याचा न्याय

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. मधल्या सुटीची घंटा होऊन मुलें व्हरांड्यांत डबे उघडून बसलीं होतीं. बाहेर पावसाची झड लागली होती व द्रोणागिरीचा डोंगर ढगांत पार बुडून गेला होता. इतक्यांत सातवीच्या वर्गांतून मोठा गलका ऐकूं आला. जाऊन पाहतों तों दोन विद्यार्थी बाकाच्या दोन्ही बाजूंस ताठ उभे. मध्यें रंगीत पानें पसरलेलीं. आणि भोंवतालचा निम्मा वर्ग एकाच्या, निम्मा दुसऱ्याच्या पक्षास मिळालेला. "सर, आतां तुम्हीच सांगा," असें दोघेही एकदम म्हणाले. न्यायाधीशाच्या आसनावर कोणी बोलावलें तर शिक्षकाचे पाय आपोआप तिकडे वळतात. मीं दोघांचें म्हणणें ऐकलें, निकाल दिला, आणि डबा खावयास परत गेलों. तो निकाल साफ चुकीचा होता.

भांडणाचें मूळ असें. एका विद्यार्थ्यानें अस्वलाचें पान मांडलेलें होतें. अशा पानाच्या कोपऱ्यांत दोन आंकडे छापलेले असतात. पहिला मारण्याचें बळ दाखवितो व दुसरा सोसण्याचें. या अस्वलाचे दोन्ही आंकडे दोन होते. मालकानें त्यावर 'जायंट ग्रोथ' नांवाचें पान टाकलें. त्यानें त्या पाळीपुरते दोन्ही आंकडे तीनतीननें वाढतात. तें पान पडतें न पडतें तोंच समोरच्या भिडूनें 'लाइटनिंग बोल्ट' हें विजेचें पान टाकलें. तें तीन घाव घालतें. पहिला म्हणे, "माझें पान आधीं पडलें. अस्वलाचें बळ पांच झालें. तीन घावांनीं तें मरेल कसें?" दुसरा म्हणे, "तुझ्या पानावर हें माझें उत्तर आहे. तें आधीं लागूं होतें. अस्वल मेलें." दोघांनींही एकेक पान पैजेस लावलेलें होतें. मीं तिकिटाच्या खिडकीचा न्याय लावला: जो आधीं आला त्याचें काम आधीं. दुसरा मुलगा लहानखुरा व अबोल आहे. त्यानें कांहीं न बोलतां आपलें पैजेचें पान पुढें सरकविलें. वाचकांनींही पुढें जाण्यापूर्वीं आपापल्या मनाशीं या तंट्याचा निवाडा करून पाहावा.

घरोघरीं जे पत्ते आपण खेळतों, त्यांत असा तंटा सहसा उद्भवत नाहीं. बदाम सात असो कीं झब्बू असो, पानाला स्वतःचें बोलणें नसतें. त्याला केवळ दर्जा असतो. राजा राणीहून मोठा, राणी गुलामाहून मोठी, आणि हुकुमाची दुर्री परक्या रंगाच्या राजासही मारते, एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरे. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांत ही रीति जरा गुंतागुंतीची होते. दशावतारी गंजिफांचीं पानें गोल, हातानें रंगविलेलीं व लाखेच्या रोगणाचीं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, मिळून १२० पानें. प्रत्येक रंगांत राजा पहिला व वजीर दुसरा; परंतु त्याखालीं पांच रंगांत दहाचें पान सर्वांत वरचें व एक्का सर्वांत खालचा, तर उरलेल्या पांच रंगांत एक्का वरचा व दहाचें पान खालचें. दिवसां डाव मांडला तर ज्याच्या हातीं रामाचा राजा तो खेळास आरंभ करतो. रात्रीं मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो. तेच एक्के, पण रंग पालटला कीं त्यांचें मोल पालटतें. असें असलें तरी हे सर्व नियम पानें वांटण्यापूर्वींच सर्व भिडूंस माहीत असतात. पान मुकें असतें. नियम माणसाच्या डोक्यांत असतो.

आतां मुलें जीं पानें खेळतात तीं बोलकीं आहेत. यांस ट्रेडिंग कार्ड, म्हणजे देवघेवीचीं पानें, म्हणतात. रिचर्ड गारफील्ड नांवाच्या अमेरिकन गणितज्ञानें १९९३ सालीं 'मॅजिक: द गॅदरिंग' हा या जातीचा पहिला खेळ प्रसिद्ध केला, वर सांगितलेलीं अस्वलाचें, वाढीचें व विजेचें अशीं तिन्ही पानें त्याच्या पहिल्याच संचांतील आहेत. पुढें १९९६ मध्यें जपानांत 'पोकेमॉन' व १९९९ मध्यें 'यु-गि-ओ' या खेळांचीं पानें निघालीं. या खेळांत प्रत्येक भिडू हजारों निरनिराळ्या पानांतून आपल्या पसंतीचीं निवडून स्वतःचा संच बनवितो, व प्रत्येक पानावर त्याची स्वतःची आज्ञा छापलेली असते. एक पान म्हणतें, "हें कर", दुसरें म्हणतें, "तें होणार नाहीं." हीं दोन पानें कदाचित् दहा वर्षांच्या अंतरानें छापलेलीं असतील. तीं द्रोणागिरीच्या एका बाकावर समोरासमोर येतील हें त्यांच्या कर्त्याच्या स्वप्नींही नसतें. म्हणून येथें नियमांच्या भांडणासाठीं वेगळे नियम करावे लागले. 'मॅजिक'चें संपूर्ण नियमपुस्तक दोनशेंहून अधिक पृष्ठांचें आहे. त्या सायंकाळीं मीं तें उघडून बसलों. त्यांतील मुख्य तत्त्वें येथें देतों.

पहिलें तत्त्व असें कीं, सामान्य नियम व पानावरील शब्द यांत विरोध आला तर पानाचें खरें. दर पाळीस एक पान उचलावें हा सामान्य नियम. परंतु "दोन उचला" असें एखादें पान म्हणत असेल तर दोनच उचलावयाचीं. शाळेंत गणवेश सक्तीचा आहे. तरीपण स्नेहसंमेलनाच्या दिवशीं रंगीत कपडे घालून येण्याची सूचना निघाली तर त्या दिवसापुरती ती सूचनाच पाळावयाची. तितकेंच हें सोपें आहे.

दुसरें तत्त्व: परवानगी व मनाई यांची गांठ पडली तर मनाई जिंकते. एक पान म्हणतें, "या पाळींत एक भूमि अधिक खेळतां येईल." दुसरें म्हणतें, "या पाळींत भूमि खेळतां येणार नाहीं." येथें कोणतें पान आधीं आलें याची चौकशीच नको; भूमि खेळतां येत नाहीं. मात्र मनाई कोणत्या गोष्टीची आहे तें अक्षरशः वाचावें. "याचा नाश करतां येत नाहीं" असें एखाद्या प्राण्याविषयीं म्हटलेलें असलें, तर सर्व प्राण्यांचा नाश करणारें पानही त्यास स्पर्श करूं शकत नाहीं. परंतु दुसऱ्या एखाद्या पानानें त्याचें सोसण्याचें बळच शून्यावर आणलें तर तो प्राणी जातो. कारण त्या जाण्यास खेळाच्या भाषेंत 'नाश' हें नांवच नाहीं. पुष्कळ मुलें येथें ठेंचाळतात, व याचें कारण तीं पानावरील चित्र पाहतात, वाक्य वाचीत नाहींत.

तिसरें तत्त्व आमच्या तंट्याचें. तें समजण्यास गांवाबाहेर नजर टाकावी. न्हावा-शेव्याचें बंदर १९८९ मध्यें सुरू झालें, तेव्हांपासून आपल्या रस्त्यांच्या कडेस कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात. सर्वांत खालचा कंटेनर सर्वांत आधीं ठेवलेला असतो. पण तो बाहेर काढावयाचा तर आधीं वरचे उचलावे लागतात. जो शेवटीं चढला तो पहिल्यानें उतरतो. आजीच्या स्वयंपाकघरांतील मडक्यांच्या उतरंडीचीही हीच रीति होती. 'मॅजिक'मध्यें टाकलेलें पान लगेच लागूं होत नाहीं. तें आधीं अशा उतरंडीवर चढतें, व त्यास उत्तर देण्याची संधि दोन्ही भिडूंस मिळते. उत्तराचें पान त्याच्यावर चढतें. आणखी कोणास कांहीं म्हणावयाचें नसलें म्हणजे वरून एकेक पान उतरवून त्याप्रमाणें कृति करावयाची. 'यु-गि-ओ'मध्यें यास सांखळी म्हणतात, व तीही शेवटच्या कडीपासून मागें उलगडते.

आतां अस्वलाकडे वळूं. वाढीचें पान खालीं, विजेचें पान वर. वरचें पान पहिल्यानें उतरलें; तीन घाव बसले; अस्वलाचें सोसण्याचें बळ त्या क्षणीं दोनच होतें; तें मेलें. मग वाढीच्या पानाची पाळी आली, तों ज्यास वाढवावयाचें तोच उरला नव्हता. तें पान फुकट गेलें. हाच क्रम उलटा असता, म्हणजे विजेचें पान आधीं टाकलें गेलें असतें व अस्वलाच्या मालकानें उत्तरादाखल वाढीचें पान त्यावर टाकलें असतें, तर अस्वल आधीं पांच झालें असतें व तीन घाव सोसून जिवंत राहिलें असतें. तींच दोन पानें, तेंच अस्वल. केवळ धीर धरणारा भिडू जिंकतो व उतावळा हरतो. अबोल मुलगा धीर धरून बसला होता. मीं त्याच्या धीराचें फळ दुसऱ्याच्या हातीं दिलें.

चौथें तत्त्व निराळ्या प्रकारच्या विरोधासाठीं आहे. उतरंड ही अद्याप अमलांत न आलेल्या आज्ञांची असते. परंतु कांहीं पानांचा अंमल एकदां बसला कीं तो चालूच राहतो. समजा, एक पान म्हणतें, "सर्व प्राण्यांचें मूळ बळ एक आहे," आणि दुसरें म्हणतें, "या प्राण्याचें बळ दोननें अधिक आहे." त्या प्राण्याचें बळ किती? येथें कोणतें पान आधीं आलें हा प्रश्न नाहीं. प्रथम मूळ बळ ठरवावयाचें, मग त्यांत मिळवावयाचें. उत्तर नेहमीं तीन. २ + ३ × ४ यांत बेरीज आधीं लिहिलेली असली तरी गुणाकार आधीं होतो व उत्तर १४ येतें, २० येत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार. नियमपुस्तकांत अशा अमलांचे सात थर क्रमानें लावून दिले आहेत. दोन अंमल अगदीं एकाच थरांतले व परस्परविरोधी असले, एक म्हणतें मूळ बळ एक व दुसरें म्हणतें चार, तर बहुधा मागाहून आलेल्याचें चालतें. आणि दोन्ही भिडूंचीं पानें एकाच क्षणीं जागीं झालीं तर? ज्याची पाळी चालू आहे त्यानें आपलें पान उतरंडीवर आधीं ठेवावें. अर्थात् समोरच्याचें वर चढतें व तेंच आधीं लागूं होतें.

नियमांचा नियमांशीं कलह हा प्रश्न मुलांच्या खेळानें प्रथम निर्माण केला असें मात्र नव्हे. पाणिनीनें आपल्या अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें रचलीं, तेव्हां त्यालाही हीच अडचण पडली: एकाच शब्दास दोन सूत्रें एकदम लागूं पडूं लागलीं तर काय करावें? सामान्य नियमास उत्सर्ग व विशेष नियमास अपवाद म्हणून अपवादास बलवान् मानण्याची व्याकरणकारांची परंपरा आमच्या पहिल्या तत्त्वाशीं सहज जुळते. तुल्यबल सूत्रांच्या विरोधासाठीं पाणिनीनें पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत एक स्वतंत्र सूत्रच घातलें. त्याप्रमाणें दोहोंपैकीं जें 'पर' तें चालतें. परंपरेनें याचा अर्थ ग्रंथांत मागाहून आलेलें सूत्र असा केला. २०२२ मध्यें केंब्रिज विद्यापीठांतील ऋषी राजपोपट यांनीं आपल्या प्रबंधांत असें मांडलें कीं, शब्दाच्या उजव्या भागास लागणारें कार्य असा तेथें अर्थ घ्यावा. यावर पंडितांत वाद आहे. एका शब्दाच्या अर्थावर सबंध शास्त्राचा निकाल कसा अवलंबून असतो, तें यावरून दिसेल.

दुसरे दिवशीं पहिल्याच तासास मीं फळ्यावर कंटेनरांची चळत काढली, दोन पानें तिच्यांत दाखविलीं, आणि माझा कालचा निकाल चुकीचा होता असें सर्व वर्गासमक्ष सांगितलें. थोरल्या मुलानें दप्तरांतून जिंकलेलें पान काढून परत केलें. त्याची किंमत चोख कळत असतांही त्यानें तें मुकाट्यानें दिलें, याची येथें नोंद करणें अवश्य आहे. मग मीं लहानग्यास विचारलें, "नियम तुला ठाऊक होता, तर काल बोललास कां नाहींस?" तो म्हणाला, "ठाऊक होता, सर. पण तुम्ही सर होतां." त्या उत्तरानें मला दिवसभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं. पैजेंत पान गमावल्याचें दुःख त्याला होतेंच. परंतु मोठ्या माणसापुढें खरें असूनही गप्प बसावें, हा धडा त्यास माझ्याच हातून मिळाला होता, हें त्याहून अधिक वाईट झालें.

विद्यार्थीमित्रांनो, यापुढें असा तंटा झाला तर आवाज चढवूं नका व लगेच शिक्षकाकडेही धांवूं नका. पानावरील वाक्य दोघांनीं मिळून एकदां मोठ्यानें वाचा; मग नियमपुस्तक उघडा; आणि तरीही अडलें तर या, परंतु पुस्तक बरोबर घेऊन या. मी चुकत असेन तर तेथेंच बोट ठेवून दाखवा. पानें पैजेस मात्र लावूं नका. या खेळाच्या आरंभीं तशी चाल होती खरी, पण पुढें ती मागें पडली. पालकांसही एक विनंति आहे. या पानांवर मुलें पैसे घालवितात ही आपली तक्रार रास्त आहे, व त्यास मर्यादा घालणें आपल्याच हातीं आहे. परंतु एखाद्या सायंकाळीं मुलाजवळ बसून एक डाव अवश्य पाहावा, आणि कोणतें पान आधीं लागूं होतें व कां, हें त्यास विचारावें. तें समजावून सांगतांना तो प्रत्येक शब्द तोलून वापरील. आणि आपण चुकीचा निकाल दिलात तर कदाचित् तो तसें म्हणेलही. तेव्हां त्यास रागें भरूं नये.